तुम्ही विचारलंत म्हणून : गावातली जुनी चर्च पाहायला मी का जातो?

तुम्ही ख्रिस्ती नाही, मग सवड मिळाली की कोकणातल्या गावोगावची जुनी चर्च पाहत का हिंडता, आणि तिथे परक्या माणसाला आत जाऊ देतात का, असे मला नातेवाइकांपासून सहकाऱ्यांपर्यंत अनेकांनी विचारले आहे. प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर सोपे आहे. आत जाऊ देतात, आणि बहुतेक ठिकाणी आनंदाने जाऊ देतात. पूर्वार्धाचे उत्तर द्यायचे तर वसईच्या किल्ल्यापासून सुरुवात करावी लागते.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 साली तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआड एक संपन्न शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या संन्यस्त धर्मगुरूंच्या चारही पंथांनी तिथे आपापली चर्च व मठ बांधले. आज तिथे गेलो तर उंच भिंती, छप्पर नसलेल्या कमानी, फरशीवरचे झिजलेले पोर्तुगीज समाधिलेख आणि भिंतींत शिरलेली वडा-पिंपळाची मुळे दिसतात. चिमाजी अप्पांच्या फौजेने मे 1739 मध्ये किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले आणि ती चर्च ओस पडली. शाळेच्या सहलीपासून आपण सगळे हे अवशेष पाहत आलो आहोत, आणि वसईचा ख्रिस्ती वारसा म्हणजे हे भग्नावशेष अशी बहुतेकांची समजूत होऊन बसते.

किल्ल्यातून बाहेर पडून पापडी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गावांच्या दिशेने गेले की वेगळेच चित्र दिसते. या धर्मग्रामांची, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्त्यांची, मुळेही सोळाव्या शतकातली आहेत, म्हणजे किल्ल्यातल्या चर्चच्याच पिढीतली. मात्र इथे छप्पर शाबूत आहे, सकाळी घंटा होते, मिस्सा म्हणजे सामूहिक उपासना होते, बाकांवर माणसे बसतात आणि वेदीवरची फुले त्याच गावच्या वाडीतून आलेली असतात. एकाच राजवटीत, एकाच धर्माची म्हणून बांधलेल्या या दोन प्रकारच्या वास्तूंचे दैव इतके वेगळे का झाले, या प्रश्नाने मला या वाटेला लावले. माझ्यापुरते त्याचे उत्तर मला मिळाले आहे. किल्ल्यातली चर्च राज्याची होती, म्हणून ती राज्याबरोबर गेली. गावातली चर्च तोवर गावाची झालेली होती, म्हणून ती राहिली.

ती आपोआप राहिली नाहीत. सत्तांतरानंतर युरोपीय धर्मगुरूंना जावे लागले, आणि मागे उरलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची व कोळ्यांची उपासना चालवण्याचे काम एतद्देशीय धर्मगुरूंवर येऊन पडले. आश्रय देणारा राजा नाही, मठांचे उत्पन्न नाही, अशा अवस्थेत या लोकांनी भिंती सावरल्या, कौले फेरली आणि पुढे ऐपत आली तेव्हा मोडकळीला आलेली इमारत पाडून नवी बांधली. किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चच्या काही घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आजही दिसते. मेणवलीची ती घंटा पाहिलेल्या प्रत्येकाने एकदा वसईच्या गावांत जाऊन, ज्या समाजाच्या घंटा गेल्या त्याने पुढे काय केले, हेही पाहावे असे मला मनापासून वाटते.

हीच जोडी रायगड जिल्ह्यात पुन्हा भेटते. कुंडलिकेच्या मुखाशी उत्तर तीरावर रेवदंडा आहे, जिथे नारळी-पोफळीच्या बागांमध्ये पोर्तुगीज चौलचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतला सातखणी मनोरा लांबून दिसतो, आणि त्याच्या आसपास एकेकाळच्या चर्चच्या भिंती वाडीच्या कुंपणांत मिसळून गेल्या आहेत. पोर्तुगिजांनी चौल 1740 साली मराठ्यांना दिले आणि तिथली चर्च संपली. खाडीच्या दक्षिण तीरावर कोर्लईच्या गडाखाली मात्र ख्रिस्ती वस्ती टिकली, तिचे कार्मेल मातेचे चर्च टिकले, आणि त्या वस्तीची पोर्तुगीज व मराठी यांच्या संयोगातून घडलेली बोलीही टिकली. साधारण हजारभर माणसे ती आजही घरात बोलतात. एका तीरावर उंच मनोरा आणि एकही उपासक नाही, दुसऱ्या तीरावर साधे, रंगवलेले गावचर्च आणि भरलेले बाक. हे दोन्ही एकाच दिवशी पाहता येते, आणि पाहायचे तर एकाच दिवशी पाहावे.

गोव्यातही थोड्या फरकाने हेच घडले. जुने गोवे साथीच्या रोगांनी ओसरत गेले, आणि 1835 साली तिथले धार्मिक पंथ बंद केल्यावर त्यांचे मठ रिकामे पडले. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे घुमटाकार छत 1842 साली कोसळले, आणि आता फक्त मनोऱ्याचा एक भाग उभा आहे. सी कॅथेड्रल, बॉम जेजूस ही मोठी चर्च जागतिक वारशाच्या यादीत 1986 पासून आहेत आणि तिथे पर्यटकांची रीघ असते. बारदेस आणि सासष्टीच्या खेड्यांतली चर्च मात्र गावकीच्या उत्पन्नातून आणि गावातल्याच धर्मबंधुत्वांच्या, म्हणजे भाविकांच्या मंडळांच्या, वर्गणीतून चालत आली. तिथे दुपारी कोणी भेटले तर ते गावातलेच असते. मांडवीच्या उत्तर तीरावर रेइश मागुशच्या किल्ल्याला लागून असलेले तीन राजांचे चर्च 1555 सालचे. किल्ला पाहून परतणारे किती लोक त्याच्या पायऱ्या चढतात, हे पाहिले की मला वाईट वाटते.

याची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही चर्च रिकाम्या जमिनीवर उभी राहिली नाहीत. वसई आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेकडचे बेट) या भागात फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो याने देवळे पाडून चर्च बांधल्याचे पोर्तुगीज साधनेच सांगतात. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनास्थळ केले, आणि तिथल्या एका शिल्पपट्टावर खोदलेला मोठा क्रूस आजही दिसतो. गोव्यातल्या दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला न्यावा लागला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. हे सगळे माहीत असूनही मी गावच्या चर्चमध्ये आदराने जातो, कारण आज तिथे बसलेल्या माणसांनी ती जबरदस्ती केलेली नाही. उलट त्यांचेच पूर्वज तिच्या कक्षेत होते. इतिहास लपवून वास्तू पाहण्यात अर्थ नाही, आणि इतिहासाचा हिशेब बाकावरच्या आजीकडे मागण्यातही नाही.

आत गेल्यावर काय पाहायचे, असेही विचारले जाते. प्रथम दारावरच्या फलकावरचे साल वाचावे आणि ते इमारतीचे साल आहे असे मानू नये. ते बहुधा धर्मग्रामाच्या स्थापनेचे असते, आणि समोरची इमारत त्यानंतर एकदा किंवा अनेकदा वाढवलेली अथवा नव्याने बांधलेली असते. जुने काय उरले आहे ते शोधण्यात खरा आनंद आहे. अनेकदा वेदीचा भाग सर्वांत जुना निघतो, कारण तो पक्क्या दगडी कमानीचा असतो, तर लोक बसतात तो लांबट भाग लाकडी छपराचा असल्याने पुन्हापुन्हा बदललेला असतो. भिंतीची जाडी खिडकीपाशी मोजून पाहावी. ती एका खिडकीपासून दुसरीपर्यंत बदलली तर तिथे दोन काळ जोडलेले आहेत असे समजावे. वेदी दोन दिसतील. मागची उंच, कोरीव, सोनेरी मुलाम्याची असते आणि पुढे साधे मेज असते, कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 च्या सुमारापासून, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले. मागच्या वेदीचे लाकूडकाम जवळून पाहिले तर इथल्या सुतारांचा हात ओळखू येतो. गोव्यातल्या काही प्रवचनपीठांच्या तळाशी तर नागिणीच्या शेपटीच्या आकृती आधार देऊन उभ्या आहेत.

सामग्रीकडेही लक्ष द्यावे. वसईकडे काळा दगड मुबलक, आणि तो इतका नावाजलेला होता की बॉम जेजूसच्या दर्शनी भागातल्या कोरीवकामासाठी तो वसईहून गोव्याला नेला. दक्षिण कोकणात आणि गोव्यात भिंती जांभ्याच्या. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि दर काही वर्षांनी चुन्याचा हात देणे हे संरक्षणाचे काम आहे. बॉम जेजूसच्या बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला, आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पावसात झिजतो आहे. याच्या उलट चूक गावांत होते. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट आणि तैलरंग चढवला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, आणि थोड्याच पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. धर्मग्रामाची भक्ती आणि वर्गणी यांत काही उणे नसते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळत नाही, ही खरी अडचण आहे. जिथे तसा गवंडी शोधून काम करवून घेतलेले दिसते, तिथे मी कौतुक केल्याशिवाय राहत नाही. शिंपल्यांच्या चकत्या बसवलेली जुनी खिडकी कुठे उरली असेल तर तिच्यातून येणारा दुधी उजेड दुपारी बाराच्या सुमारास पाहावा.

आता जाण्याविषयी. या चर्चना तिकीट नसते आणि वेळेचा फलकही क्वचितच असतो. सकाळची मिस्सा संपल्यावर दार उघडेच असते, ती सर्वांत चांगली वेळ. दुपारी बहुधा बंद असते. बंद दिसले तर आवारातल्या फादरांच्या घरी जाऊन विचारावे. कुठून आलात, हे सांगितले की किल्ली घेऊन कोणीतरी येते, आणि तो येणारा माणूस जे सांगतो ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी. वेदीच्या कठड्यापलीकडे बोलावल्याशिवाय जाऊ नये. तिथे तांबडा दिवा तेवत असेल तर पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत अभिमंत्रित केलेला ख्रिस्तप्रसाद, आत ठेवलेले आहे असा त्याचा अर्थ. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसावे, सगळे उभे राहिले की उभे राहावे. ख्रिस्तप्रसाद घ्यायला मात्र रांगेत जाऊ नये, कारण तो त्या श्रद्धेत दीक्षित असलेल्यांसाठी आहे. अंत्यविधी चालू असताना फोन खिशात राहू द्यावा. निघताना दानपेटीत काही टाकावे. कौलांचा खर्च मोठा असतो.

वसईत मिस्सेला बसण्याचे आणखी एक कारण मी आवर्जून सांगतो. ती मराठीत असते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती 1616 साली गोव्यातल्या राशोलला छापली गेली, हे आपण मराठीच्या इतिहासात वाचतो. पण ती परंपरा पुस्तकातच राहिली असे मानून चालतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारची सकाळ घालवलेल्याला ते वाटले नसते. तिथे बायबलचे पाठ, प्रवचन आणि गाणी स्वच्छ मराठीत चालतात, आणि दाराबाहेर येताच तीच माणसे आपापसांत कादोडीत किंवा वाडवळीत बोलू लागतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नाताळचा आठवडा किंवा त्यानंतरचा जानेवारी निवडावा. पाऊस गेलेला असतो, गावोगावी ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे मांडलेले असतात आणि पाहुण्यांची सवय असल्याने दारे जास्त वेळ उघडी राहतात. वसई स्थानकावर उतरून किल्ला सकाळीच उरकावा. नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रूसावर प्राण दिलेले आणि 1862 साली संतपदाला पोहोचलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे, छप्पर घालून वापरात आणलेले जुने जेझुइट चर्च किल्ल्यात आहे. तिथे थोडे थांबावे. मग पापडीवरून निर्मळला जावे, जिथे तळे, शंकराचार्यांचे मंदिर आणि होली क्रॉसचे चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि पुढे नंदाखाल करून संध्याकाळपर्यंत आगाशी गाठावी. आगाशीला राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर घ्यावीत, आणि परतीची बस किती वाजता आहे ते चर्चच्या दारातच विचारून ठेवावे, कारण संध्याकाळनंतर बस कमी होतात.