गायरानातल्या लांडग्याची सरकारी नोंद मिळवताना

गायरानात झाडं लावायला खड्डे खणणार म्हणून जेसीबी आला, त्याच दिवशी मी ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, इथं काळवीट चरतात, ओढ्याच्या काठाला लांडग्यांची बिळं आहेत, गवताचा माळ मोडू नका. उत्तर मिळालं, "ताई, कागद दाखवा."

आमचं गाव बीड जिल्ह्यात. काळवीट आणि लांडगा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधले, पण ते आमच्या माळावर आहेत याचा कागद कुणाकडेच नव्हता. तो मिळवायला सात महिने लागले. त्यातले पाच एका कार्यालयाने खाल्ले. अजून तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

इंटरनेटवरचं काम एका संध्याकाळी झालं. कुठला प्राणी-पक्षी कुठं दिसला याच्या नोंदी ठेवणारी संकेतस्थळं, जीबीआयएफ, ई-बर्ड, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, सगळं फुकट आहे. जायकवाडीच्या नाथसागराभोवती नोंदींचे ठिपकेच ठिपके, आमच्या माळावर एकही नाही. तिथं मोबाईल घेऊन कुणी फिरलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. ग्रामपंचायतीतली लोकजैवविविधता नोंदवही पाहिली, तर वन्यप्राण्यांच्या रकान्यात ससा आणि मोर, संपलं. २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ही नोंदवही गावाच्या समितीने लोकांना विचारून करायची असते. आमच्या गावात कुणाला विचारल्याचं मला तरी सापडलं नाही.

वाट दाखवली ती मेंढरं वळणाऱ्या अण्णांनी. "मागल्या साली दोन मेंढ्या नेल्या की लांडग्यानं. वनवाले आले, पंचनामा केला, पैसेबी मिळाले." मी तिथंच बांधावर बसले. लांडग्याने जनावर मारलं की वनविभाग भरपाई देतो, आणि भरपाई द्यायची तर तारीख, गाव, गट नंबर, प्राणी, सगळं लिहावं लागतं. म्हणजे लांडग्याची सरकारी नोंद आधीपासून कपाटात होती.

वनविभागाकडे दिलेला पहिला माहिती अधिकार अर्ज माझा चुकला. "तालुक्यात लांडगे व काळवीट किती आहेत?" असं विचारलं. तिसाव्या दिवशी उत्तर: "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही." या कायद्यात प्रश्नाचं उत्तर मागायचं नसतं, असलेला कागद मागायचा असतो. दुसऱ्या अर्जात लिहिलं: मागील पाच वर्षांतील पशुधन नुकसानभरपाईची नोंदवही व पंचनाम्यांच्या प्रती. (महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून पीकनुकसानीचा अर्ज वेगळा करा. काळविटांच्या नोंदी त्यात सापडतात.)

मग सुरू झाल्या फेऱ्या. साहेब फिल्डवर. साहेब मीटिंगला. आवक-जावकच्या टेबलावर माझा अर्ज दुसऱ्या फायलीखाली पडलेला मी स्वतः पाहिला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प वर आलेलं. तीस दिवस गेले, चाळीस गेले. शेवटी पत्र आलं: लाभार्थ्यांची माहिती वैयक्तिक आहे, देता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला कुणाचं नाव, कुणाचं बँक खातं हवं होतं? मला लांडगा हवा होता!

पण माहिती अधिकार कायद्यात कलम १० आहे. जो भाग देता येत नाही तो झाकून उरलेला द्यावा लागतो. वीस रुपयांचं स्टॅम्प लावून प्रथम अपील केलं. त्यात दोनच मुद्दे: नावं आणि खातं झाका, तारीख-गाव-गट नंबर द्या, आणि मुदत उलटली आहे म्हणून कलम ७(६) प्रमाणे प्रती मोफत द्या. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी दोन्ही मुद्दे वाचले आणि दहा मिनिटांत आदेश दिला. पाच महिने अडलेलं काम दहा मिनिटांचं होतं.

एक राहिलंच. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. माझ्याकडे ती नसती तर मुदत उलटल्याचं मी कशावरून दाखवलं असतं?

प्रती हातात आल्या तेव्हा कार्यालयाच्या पायरीवरच चाळल्या. निळ्या शाईतलं अक्षर, नावांवर काळी पट्टी. "हिंस्र प्राणी: लांडगा. मयत: मेंढी, नग २." गट नंबर आमच्या गायरानाचा. पुढच्या पानांवर त्याच गटाच्या आणखी दोन नोंदी. मी अण्णांना फोन लावला आणि मला धड बोलता येईना.

कितीतरी मेंढपाळ पंचनाम्याला बोलवतच नाहीत, तेव्हा वहीतल्या नोंदी कमीच धरायच्या. म्हणून अण्णांसोबत माळावर फिरून लेंड्या, पाऊलखुणा, बिळं यांचे फोटो काढले आणि आयनॅचरलिस्टवर, म्हणजे कुणालाही अशा नोंदी टाकता येतात त्या संकेतस्थळावर, टाकले. बिळाचं ठिकाण मात्र मुद्दाम पुसट ठेवलं. तुम्हीही ठेवा, पिल्लं असलेल्या जागेवर गर्दी व्हायला नको.

सातबारा, पंचनाम्यांच्या प्रती आणि फोटो जोडून ग्रामपंचायतीत अर्ज दिला. खड्ड्यांचं काम तूर्त थांबलंय, विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आहे. अण्णा येणार आहेत, आणि मेंढपाळांच्या वाड्यावरच्या सगळ्यांना घेऊन येतो म्हणालेत.