लिंकनचा तो बारीक आवाज

आज दुपारी 'लिंकन' (२०१२) परत बघितला आणि अजून डोक्यातून जात नाहीये. पुतळे आणि फोटो बघून माझ्या मनात लिंकनचा आवाज कायम भारदस्त, घुमणारा असायचा, पण डॅनियल डे-लुईस तोंड उघडतो आणि येतो तो बारीक, जरा चिरका आवाज, आणि खरं म्हणजे ज्यांनी लिंकनला प्रत्यक्ष ऐकलं त्यांनीही असंच लिहून ठेवलंय. शेकोटीपाशी जमिनीवर झोपलेल्या पोराशेजारी तो गुपचूप आडवा होतो आणि मग ते पोरगं अर्धवट झोपेत त्याच्या पाठीवर चढतं, तिथे मला भरूनच आलं. पुतळ्याचा एकदम बाप झाला ना!

पण एक गोष्ट मात्र खुपली. १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करायच्या घटनादुरुस्तीवर अमेरिकेच्या संसदेत मतदान झालं, तेव्हा कनेटिकट राज्याच्या चारही प्रतिनिधींनी तिच्या बाजूने मत दिलं होतं, सिनेमात दोघं विरोधात दाखवलेत. नावं बदललीत, मान्य, पण राज्याचं नाव तेच ठेवलंय. थरार वाढवायला संवाद रचा, प्रसंग पुढेमागे करा, चालेल, पण कुणी योग्य बाजूने उभं राहिलं असेल तर ते तरी त्याच्याकडून काढून घेऊ नका हो. तो माणूस आता उठून सांगायला येणार नाहीये.