पावतीचा प्रोग्रॅम, नोंद ४ : ‘ऱ्या’नं खाल्लेली रात्र

मामांच्या शहापुरातल्या (बेळगाव) दुकानी खानापूरकडनं भात येतं. पावती कुणाला मराठीत लागते, कुणाला कन्नडात. म्हणून मजकुराचे दोन साचे वेगळ्या फाइलींत आहेत. साच्यात महिरपी कंसात जे नाव असेल त्या प्रॉपर्टीची, म्हणजे पावतीतल्या त्या रकान्याची, व्हॅल्यू प्रोग्रॅमनं उचलायची. सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला देवनागरी नावं चालतात, त्यामुळं ‘पावती’ नावाच्या क्लासमध्ये सरळ गाव, वजन, दर, शेतकऱ्याचेनाव असंच लिहिलंय.

आतापर्यंत गेटव्हॅल्यूवर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरनं व्हॅल्यू काढून देणाऱ्या तयार सोयीवर (रिफ्लेक्शन), भागत होतं. या आठवड्यात एक्स्प्रेशन ट्री बसवली, म्हणजे तेच काम करणारं छोटं फंक्शन प्रोग्रॅमनंच चालता चालता रचायचं. ऑब्जेक्ट (काहीही चालेल अशा) टाइपचा पॅरामीटर, कन्व्हर्टनं त्याची ‘पावती’ करायची, त्यावर प्रॉपर्टी, मग लॅम्डा (बिननावाचं फंक्शन), शेवटी कंपाइल. गाव आलं. वजन लावलं आणि आर्ग्युमेंट एक्सेप्शन! डेसिमलचा (दशांश आकड्याचा) ऑब्जेक्ट इथं आपोआप होत नाही. बाहेर पडतानाही एक कन्व्हर्ट घातला, तेव्हा सुटलं.

कंपाइल महागात पडतं. आधी मी ते प्रत्येक पावतीला करत होतो, म्हणजे पोत्यागणिक नवा काटा विकत आणायचा! आता टाइप आणि नाव या जोडीवर ते तयार फंक्शन (डेलिगेट) डिक्शनरीत जपून ठेवतो. (खरं तर दिवसाच्या पावत्यांना गेटव्हॅल्यू पुरे होतं, आणि डॉटनेट ७ पासून रिफ्लेक्शनही सुधारलंय. पण हौसेला मोल नसतं.)

रात्र खाल्ली ती ‘शेतकऱ्याचेनाव’नं. साच्यातलं नाव कोडमधूनच कॉपी केलेलं, तरी ‘अशी प्रॉपर्टी नाही’. वैतागून क्लासमधली सगळी नावं छापली, तर पडद्यावर ‘शेतकर्याचेनाव’, रफार य च्या डोक्यावर! माझा कीबोर्ड ऱ्या काढताना र, हलन्त आणि पुढं न दिसणारा जोडक टाकतो, युनिकोडमधला २००डी. कंपायलर आयडेंटिफायरमधून असली अदृश्य अक्षरं गाळून टाकतो. साच्यातल्या स्ट्रिंगमध्ये मात्र ती तशीच राहतात. आता शोधायच्या आधी नावातला जोडक काढतो. छापायच्या मजकुरातला काढायचा नाही, नाहीतर पावतीवरही रफार उमटेल. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग शेतकरी कशाला, नुसतं नाव लिही की रे!”

पुढं ‘शेतकरी.गाव’ असं टिंबानं तोडून आत शिरायचंय. मधलं नल (रिकामं) निघालं तर कोसळतं, तिथं कंडिशन लावून बघतोय.