विरजणाची वाटी

मी समुपदेशन केंद्रात बसते हे कळलं की लग्नात, एसटीत, कुठेही कुणीतरी जवळ सरकून विचारतं, "ताई, शेजारी नवरा बायकोला मारतो. आवाज येतो हो. पण नवरा-बायकोच्या भांडणात आपण कसं पडायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी माझंच सांगते. इचलकरंजीत आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग. त्या खडखडाटात शेजारचं काही ऐकू यायचं नाही, आणि खरं सांगू, ते सोयीचंच होतं. एका रात्री लाइट गेली, माग थांबले. भिंतीपलीकडून आधी भांडं पडल्याचा आवाज आला, मग तिचा. मी उठले, कडीपर्यंत गेले आणि परत येऊन आडवी झाले. सकाळी नळावर ती पदर कानावरून ओढून उभी. मी म्हटलं, "पाणी आज बारीक आलंय, नाही?"

पुढच्या खेपेला सासूबाई उठल्या. रात्री अकराला हातात वाटी घेऊन त्यांनी शेजारचं दार वाजवलं. "विरजण आहे का रे जरा?" घरात आमचं दही लागलेलं होतं! पण दार उघडायचं तर उगारलेला हात खाली घ्यावाच लागतो. मारण्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याचा राग नंतर तिच्यावरच निघाला असता. तो फार प्यालेला असेल, हातात काही असेल, तर मात्र वाटीबिटी नाही, सरळ पोलिसांना 112 वर फोन.

2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 4 आहे. अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. आणि चांगल्या हेतूने दिली तर देणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मार सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. म्हणजे ती आपल्या दारात येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. आणि त्याच पाहणीत साधारण 45 टक्के बायकांनीच कुठल्या ना कुठल्या कारणाने नवऱ्याने मारणं रास्त ठरवलं. सासू-सासऱ्यांचा मान न राखणं हे त्यातलं मोठं कारण. आपल्या ओट्यावरच्या गप्पा आठवून बघा.

एक मात्र करू नका: चार वडीलधारे जमवून "जुळवून घे" म्हणून तिची समजूत काढू नका. तशा बैठकीनंतरची रात्र तिला काढायची असते. ती एकटी भेटेल तेव्हा एवढंच विचारा, "मी काय करू?"

तिने सासूबाईंना प्लास्टिकची एक पिशवी ठेवायला दिली. आधार, पासबुक, पोरांचे दाखले. ती दीड वर्ष आमच्या तांदळाच्या डब्यात होती. एका दुपारी ती आली, पिशवी घेतली, तांदूळ झटकले आणि म्हणाली, "वहिनी, स्टँडला रिक्षा मिळंल का?"

ती रिक्षा मी बोलावली.