बेनब्रॅकची कमान आणि पावसात आडवं पडणं

दक्षिण स्कॉटलंडात डम्फ्रीजच्या वर मोनिआइव्ह म्हणून छोटंसं गाव आहे, तिथून पुढे केर्नहेडच्या खोऱ्यात शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दीच्या ‘स्ट्रायडिंग आर्चेस’ आहेत. तांबड्या वालुकाश्माच्या कमानी, एकेकीत ३१ दगड, वजन २७ टनांच्या आसपास, आणि चुना नाही सिमेंट नाही, दगडाने दगड धरलाय बस्स. तीन कमानी डोंगरमाथ्यांवर आणि एक खाली जुन्या गोठ्याच्या भिंतीतून बाहेर पडतेय.

आम्ही बेनब्रॅक डोंगरावरची धरली. गाडी खाली सोडून चढायचं, दुसरा इलाज नाही, आणि मला तेच फार आवडलं. म्युझियममध्ये आपण चित्रासमोर क्षणभर थांबतो नि पुढे सरकतो, इथे पोटऱ्या भरून येतात, बुटांत पाणी जातं आणि मग कुठे ती कमान समोर येते, तोवर तो डोंगर आपल्या अंगात शिरलेला असतो. गोल्ड्सवर्दी पोरवयापासून शेतांवर राबलेला माणूस, दगड उचलणं हे त्याच्यासाठी कामच, म्हणून त्याची कला हाताने आणि पाठीने केलेली वाटते.

उतरताना ढग दाटले आणि मला त्याच्या रेन शॅडोज आठवल्या. १९८४ पासून तो हे करतोय. पाऊस सुरू होताना कोरड्या जमिनीवर आडवं पडायचं, आजूबाजूचं सगळं भिजेपर्यंत हलायचं नाही, मग उठायचं, खाली आपल्या आकाराची कोरडी जागा उरते. वाटेकडेला सपाट कातळ होता, मी सरळ पडले त्यावर. नवरा म्हणाला अगं काय करतेस, मी म्हटलं तू फोन काढून ठेव. पहिला थेंब पापणीवर, मग ओठांवर, मग कानात पाणी जायला लागलं आणि त्यात ते मिजेस, चिलटांहून बारीक पण चावतात केवढे! हात हलवला तर कड पुसली जाणार म्हणून तसंच सोसलं. एवढं स्थिर मी शेवटची कधी होते ते आठवेना.

उठले तर कातळावर मी होते. डोकं, खांदे, दोन पायांमधली ओली फट, आणि डाव्या कोपराशी जॅकेटवरून ओघळलेल्या पाण्याने कड फाटलेली. नवऱ्याने एक फोटो काढला, दुसऱ्यापर्यंत छातीवर थेंब पडायला लागले होते.

जाणार असाल तर पावसाची शक्यता असलेला दिवसच निवडा, आणि मिजेससाठी जाळीची टोपी न्या, पण आडवं पडताना ती काढा.