बायकांनी काढलेला डेंग्यूचा पिक्चर

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाची कमी नाही. मलप्रभा उगम पावते तीही इथंच, कणकुंबीला. तरी उन्हाळ्यात एका गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. घरोघरी बॅरलं भरलेली. तिथं डेंग्यूचे पेशंट निघाले. वरून माणसं आली, पत्रकं वाटून ‘घर स्वच्छ ठेवा’ सांगून गेली. बायकांना ते फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यांची भांडी आरशासारखी असतात.

मी बचत गटांना मोबाईलवर व्हिडिओ काढायला शिकवते. काय दाखवायचं ते बायकांनीच ठरवायचं, अंगणात खडूनं चौकटी आखून गोष्ट मांडायची आणि काढलेलं लगेच मिळून बघायचं. लोकांचं म्हणणं चित्रित करून आधी त्यांनाच, मग सरकारला दाखवायची ही रीत १९६७ मध्ये कॅनडातल्या फोगो बेटावर, मच्छीमारांच्या गावांत सुरू झाली.

एकीनं बॅरलात बॅटरी मारली, दुसरीनं मोबाईल धरला. उजेड पडताच वर लोंबकळणाऱ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. पाणी मात्र नितळ, पिण्याजोगं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असलंच पाणी लागतं. थोडं बाटलीत घेऊन तोंडाला फडकं बांधलं आणि रोज चित्रण केलं. आठवडाभरात आत पायांवर पांढरे पट्टे असलेले डास! अंडी कडेला चिकटतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही, हे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंनी कड खसाखसा घासूनच दाखवलं.

देवळापुढं चादर बांधून पिक्चर लावला. पंचायतीचे पीडीओही, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, आले होते. बॅरल दिसलं तसं मागून कुणीतरी ओरडलं, “कुणाच्या घरचं हे?” परवानगी घेतली होती, पण नाव आम्ही मुद्दाम घातलं नव्हतं. एक आजी उठल्या.

“माझं की! आठ दिवसांनी पाणी सोडताय, मग साठवू नको तर काय करू?”

मग बायका एकामागून एक बोलत्या झाल्या. पीडीओंना मराठी जेमतेम. त्यांनी अळ्यांचा भाग परत लावायला सांगितला आणि तिथंच पाणी सोडणाऱ्या वॉलमनला बोलावून घेतलं. फुटलेला वॉल कितीतरी दिवस तसाच होता. तो बदलला, पाणी तिसऱ्या दिवशी यायला लागलं.

बॅरलांवर आता जुन्या साडीचं कापड बांधलेलं असतं. पाणी सुटलं की कुणीतरी तारखेसकट नळाचा व्हिडिओ काढते. पुढच्या ग्रामसभेत तो लावायचा असं त्यांनीच ठरवलंय.