विमा कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी: नुसते टक्के नकोत, कशाचे टक्के ते लिहून घ्या

अपघात विम्याचा क्लेम भरणं तसं अवघड नाही. क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, एमएलसी (अपघाताची रुग्णालयाने केलेली मेडिको-लीगल नोंद) किंवा एफआयआरची प्रत, एक्स-रे, रजेचा दाखला, रद्द केलेला चेक हे नीट लावून दिलं की फाईल पुढे सरकते. माझीही सरकली. अडली ती पॅनेल डॉक्टरांच्या, म्हणजे कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांच्या तपासणीपाशी, आणि ज्या एका आकड्यावर अडली त्याची चीड अजून गेलेली नाही. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसली, हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही, अशा प्रत्येकासाठी हे लिहितोय.

आधी पॉलिसीतला कायमस्वरूपी अंशतः अपंगत्वाचा तक्ता काढून वाचा. रूढ तक्त्यात अंगठा पूर्ण गेला तर विमा रकमेच्या २५ टक्के, तर्जनीची तिन्ही पेरं गेली तर १०, मधल्या बोटाची गेली तर ६, करंगळीची गेली तर ४ टक्के मिळतात. एक हात किंवा एक पाय गेला तर ५०. हा सगळा हिशेब गेलेल्या अवयवांचा आहे. जुळलेलं पण आखडलेलं मनगट त्यात कुठेच सापडत नाही. ते येतं शेवटच्या ओळीत: इतर कोणतंही कायमस्वरूपी अंशतः अपंगत्व, टक्केवारी कंपनीचे पॅनेल डॉक्टर ठरवतील तेवढी. फ्रॅक्चरचे बरेचसे क्लेम याच ओळीत जाऊन पडतात. काही पॉलिसींत ‘कंपनीचे पॅनेल’ हे शब्द नसतात, नुसतं ‘डॉक्टर’ असतं. तसं असेल तर सरकारी रुग्णालयाच्या अपंगत्व दाखल्याचं वजन वाढतं, म्हणून ही ओळ शब्दन् शब्द वाचा.

तपासणीला नाही म्हणता येत नाही. वाजवी असेल तितक्या वेळा कंपनी तुम्हाला तपासणीला पाठवू शकते, ही अट पॉलिसीत असतेच. गेला नाहीत तर क्लेम तिथेच थांबतो.

आता तो आकडा. अहवालात ‘१५ टक्के कायमस्वरूपी अपंगत्व’ एवढंच लिहिलेलं होतं. पंधरा टक्के कशाचे? त्या हाताचे की संपूर्ण शरीराचे? सगळा क्लेम या प्रश्नावर उभा असतो आणि तोच अहवालात सुटलेला असतो. समजा तपासणाऱ्याने हाताचं अपंगत्व ३० टक्के धरलं आणि एक हात म्हणजे ५० टक्के या हिशेबाने त्याचे संपूर्ण शरीराचे १५ केले. १० लाखांच्या पॉलिसीवर दीड लाख होतात. पण क्लेम विभागात बसलेल्या माणसाने ते १५ टक्के हाताचेच समजून पुन्हा निम्मे केले तर उरतात साडेसात टक्के, म्हणजे ७५ हजार. एकच मनगट, एकच तपासणी, आणि अर्धी रक्कम गायब. माझ्या फाईलवर नेमकं हेच झालं होतं. कंपनीच्या पत्रात फक्त देय रक्कम होती, गणित नव्हतं. त्यामुळे रक्कम कमी आहे एवढंच कळतं, कुठे कमी झाली ते कळत नाही, आणि फोनवरचा प्रत्येक जण ‘डॉक्टरांच्या अहवालानुसार’ एवढंच सांगतो.

अशा वेळी ‘रक्कम वाढवून द्या’ असं पत्र लिहून काही होत नाही. मुद्द्याचे प्रश्न लेखी विचारायचे: अहवालातली टक्केवारी अवयवाची की संपूर्ण शरीराची, रक्कम काढताना तिला कशाने गुणलं, ते पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, आणि अहवालाची प्रत. पत्र क्लेम विभागाला नव्हे, तक्रार निवारण अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. कंपनी सरकारी असेल (न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया) तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून आपल्याच फाईलमधला अहवाल मागता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, तिथे विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवायची. नोंद झाली की उत्तराची भाषा बदलते.

अवयव आणि शरीर यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात अगदी स्पष्ट मांडला आहे. डाव्या पायाचं ४५ टक्के अपंगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि कमाईची हानी हा आणखी तिसराच प्रश्न. तो खटला मोटार अपघात भरपाईचा आहे, त्यामुळे त्यावरून वैयक्तिक अपघात पॉलिसीचा दर ठरत नाही. पण ‘कशाचे टक्के’ हा प्रश्न आडमुठेपणाचा नाही, एवढं दाखवायला तो पुरतो.

हे सगळं तपासणीच्या टेबलावरच टाळता येतं. मनगटाची हालचाल गोनिओमीटरने मोजतात. हे दोन पट्ट्यांचं कोनमापक असतं: एक पट्टी कोपर ते मनगट या भागातल्या हाडाच्या रेषेत, दुसरी तळहाताच्या हाडाच्या रेषेत. निरोगी मनगट खाली साधारण ८० अंश वाकतं, वर ७०. तळहात वर आणि खाली वळवणं प्रत्येकी ८० ते ९०. नुसतं ‘हात हलवून दाखवा’ म्हणून डोळ्यांनी अंदाज घेतला जात असेल तर नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगा: डॉक्टर, कोन मोजून अंशांत लिहाल का, आणि दुसऱ्या हाताचेही? टक्के हे मत आहे, त्यावर वाद घालता येत नाही. अंश हे माप आहे, ते दुसरा डॉक्टर पुन्हा घेऊ शकतो.

कोपर ते मनगट या भागाचा घेरही टेपने मोजून घ्यायला सांगा, कोपराच्या हाडापासून ठरावीक अंतरावर, दोन्ही हातांचा. वापर कमी झालेला स्नायू बारीक होतो आणि ते खोटं करता येत नाही. पकड डायनॅमोमीटरने मोजतात. मुठीच्या पाच वेगवेगळ्या मापांवर पकड घेतली की खऱ्या प्रयत्नात आकडे मधे चढतात आणि दोन्ही टोकांना उतरतात. जाणूनबुजून कमी जोर लावला की ते सपाट येतात, आणि ‘प्रयत्न अपुरा’ असा शेरा बसला की बाकीच्या मापांवरचाही विश्वास जातो. म्हणून दुखत असेल तर दुखतंय म्हणा, पण जोर पूर्ण लावा. बटण लावताना, सही करताना, पिशवी उचलतानाही तुमच्याकडे लक्ष असतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: त्या दिवशी निघण्यापूर्वी शेक घेऊन व्यायाम करू नका. सांधा तात्पुरता मोकळा होतो आणि तेवढंच माप कायमचं नोंदलं जातं. वेदनाशामक गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली ते सांगा.

जिल्हा रुग्णालयाचा अपंगत्व दाखला सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून अर्ज करून आधीच काढून ठेवा. ४० टक्क्यांच्या खाली दाखल्याचा उपयोग नाही असं लोक समजतात. ४० ची अट सरकारी सवलतींसाठी आहे, विम्याला ती लागू नाही. या दाखल्यावर अपंगत्व कोणत्या अवयवाच्या संदर्भात आहे ते लिहिलेलं असतं, आणि पॅनेलच्या अहवालात गाळलेली नेमकी हीच गोष्ट असते. मनगटासोबत बोटंही आखडली असतील तर सरकारी पद्धतीत दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा ३० आणि लहान १८ असेल तर ३० अधिक १८ गुणिले (९० वजा ३०) भागिले ९०, म्हणजे ४२ येतात, ४८ नव्हे. दाखल्यावर कमी आकडा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

वेळेचं गणित मात्र जपा. अपंगत्व अपघातापासून बारा महिन्यांच्या आत आलेलं असलं पाहिजे, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते. डॉक्टर मात्र सुधारणा थांबेपर्यंत ‘कायमस्वरूपी’ लिहायला तयार नसतात, आणि प्लेट आत असेल तर ‘प्लेट काढल्यावर फरक पडू शकतो’ असा शेरा येतो. आपल्या सर्जनकडून आधीच लिहून घ्या की प्लेट काढण्याचा विचार आहे की नाही, आणि काढल्याने हालचाल वाढेल का. त्याच सर्जनचं ‘कामासाठी फिट’ एवढंच लिहिलेलं पत्र घातक ठरतं, कंपनी त्याचा अर्थ अपंगत्व नाही असा लावते. ‘जड वजन उचलणं वर्ज्य’ अशी मर्यादा त्यात आलीच पाहिजे. ऑपरेशनच्या नोंदी देताना रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या, रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत देण्याचा नियम आहे.

पैसे देताना कंपनी डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम स्वीकारल्याची सही करायची पावती पाठवते. त्यावर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेलं असेल तर सहीच्या वर ‘हक्क राखून स्वीकारत आहे’ असं लिहा. तक्रारीला महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नकारापासून एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी, शुल्काशिवाय. वकील चालत नाही, स्वतः बोलायचं. तिथे अंश लिहिलेला अहवाल, दाखला आणि कंपनीला विचारलेल्या प्रश्नांची पोच एवढं वरती लावा, बाकीचे कागद मागे.